आधी धड आणि खांदे, मग बोटे : बालवाडीतील मुलांच्या कारक विकासासाठी मार्गदर्शक

बालवाडीच्या वयातील, म्हणजे साधारण ३ ते ६ वर्षांच्या मुलाच्या कारक विकासाचा, म्हणजे हालचालींवरील नियंत्रणाच्या वाढीचा, विषय निघाला की पालकांचा पहिला प्रश्न बहुधा पेन्सिलीचा असतो. अजून नीट धरता येत नाही, गिरवायला बसत नाही, रंग रेघेबाहेर जातो, अशा तक्रारी असतात. त्यांचे उत्तर पुष्कळदा बोटांपेक्षा खांद्यात, पाठीत आणि पोटाच्या स्नायूंत सापडते. शरीरावरचे नियंत्रण सर्वसाधारणपणे डोक्याकडून पायांकडे आणि मध्यभागाकडून टोकांकडे येत जाते. ज्या मुलाचे धड खुर्चीत स्थिर राहत नाही त्याचा एक हात स्वतःला सावरण्यातच गुंतून पडतो, आणि ज्याचा खांदा स्थिर नाही त्याचे मनगट व बोटे बारीक कामासाठी मोकळी होत नाहीत. याचा अर्थ धड तयार होईपर्यंत बोटांची कामे थांबवावीत असा मुळीच नाही, कारण दोन्ही प्रकारचा विकास सोबतच चालतो. परंतु दिवसाच्या वेळेची वाटणी करताना मोठ्या हालचालींना आधी आणि भरपूर जागा द्यावी, बैठे काम उरलेल्या वेळात बसवावे, एवढे तत्त्व धरून पुढील पायऱ्या मांडल्या आहेत.

पहिली पायरी : काही दिवस केवळ पाहणे

उपक्रमांची यादी करण्याआधी मुलांना मोकळ्या खेळात आठवडाभर पाहावे. परीक्षा घेऊ नये, कारण परीक्षेत लाजरे मूल हालतच नाही आणि धीट मूल नको तितके हालते. पाहताना वयाचा ढोबळ अंदाज सोबत असावा. तिसऱ्या वर्षाच्या सुमारास बहुतेक मुले जिना चढताना एकाआड एक पाय टाकतात, उतरताना मात्र प्रत्येक पायरीवर दोन्ही पाय टेकवतात, आणि एका पायावर क्षणभरच उभी राहू शकतात. चौथ्या वर्षी मोठा चेंडू बहुतेक वेळा झेलता येतो आणि उतरतानाही पाय आलटून पालटून पडू लागतात. पाचव्या वर्षाच्या आसपास लंगडी घालता येते व एका पायावर काही सेकंद न डगमगता उभे राहता येते. पावलागणिक लहान उडी घेत, पाय बदलत लयीत पुढे जाण्याची चाल अनेकांना पाच ते सहा वर्षांच्या दरम्यान जमते. या मर्यादांत काही महिन्यांचा फरक अगदी सामान्य असतो. एकाच वर्गात ३ वर्षे १ महिन्याचे आणि ३ वर्षे ११ महिन्यांचे मूल शेजारी बसते, तेव्हा त्यांच्यात आजवरच्या आयुष्याच्या सुमारे पाव हिश्श्याचे अंतर असते, हे तुलना करणाऱ्याने विसरू नये.

किती वेळा जमले याच्यापेक्षा कसे जमले हे अधिक सांगून जाते. चेंडू फेकण्याचे उदाहरण घ्या. सुरुवातीला मूल पाय जागच्या जागी ठेवून केवळ कोपरातून चेंडू ढकलते. पुढे ज्या हाताने फेकते त्याच बाजूचा पाय पुढे टाकते, आणि बऱ्याच सरावानंतर विरुद्ध पाय पुढे टाकून कंबर वळवत फेकू लागते. दोन मुलांचे चेंडू सारख्याच अंतरावर पडले तरी ती दोघे वेगवेगळ्या टप्प्यांवर असू शकतात. म्हणून नोंदवहीत गुण किंवा श्रेणी देण्यापेक्षा तारीख घालून एखादे साधे वाक्य लिहावे, उदाहरणार्थ, ‘बाकावरून उडी मारली, हात धरावा लागला, दोन्ही पाय एकदम टेकले.’ महिन्याने हेच वाक्य पुन्हा वाचले की प्रगती दिसते.

दुसरी पायरी : वेळ आणि जागा मोकळी करणे

जागतिक आरोग्य संघटनेने २०१९ मध्ये पाच वर्षांखालील मुलांसाठी प्रसिद्ध केलेल्या मार्गदर्शक सूचनांनुसार ३ ते ४ वर्षांच्या मुलांनी दिवसभरात मिळून किमान १८० मिनिटे शारीरिक हालचाल करावी आणि त्यातील किमान ६० मिनिटांची हालचाल धाप लागेल इतपत जोमदार असावी. मुलांना सलग एका तासापेक्षा अधिक वेळ एका जागी जखडून ठेवू नये, बैठा स्क्रीन-वेळ एका तासाच्या आत, शक्य तितका कमी ठेवावा आणि झोप, दुपारच्या डुलकीसह, १० ते १३ तास व्हावी, असेही त्यांत म्हटले आहे. पाच वर्षांनंतर दिवसाला सरासरी ६० मिनिटे मध्यम ते जोमदार हालचालींची शिफारस आहे. १८० मिनिटांचा आकडा पाहून घाबरण्याचे कारण नाही. ती सलग करावयाची नसतात, आणि जिना, अंगण, आवराआवर, चालत जाणे हे सर्व त्यांत मोजले जाते.

वर्गात खरा वेळ खातात त्या रांगा. वीस मुले, एकच चेंडू आणि आपली पाळी येण्याची वाट पाहणारी रांग अशा तासाला खेळाचा तास म्हटले जाते, पण प्रत्येक मुलाच्या वाट्याला प्रत्यक्ष हालचाल जेमतेम मिनिटभर येते. यावर दोन साधे उपाय आहेत. पहिला म्हणजे प्रत्येकाच्या हातात काहीतरी असावे. चुरगळलेल्या कागदावर चिकटपट्टी गुंडाळून केलेले चेंडू किंवा मोज्यांचे गोळे पुरतात. दुसरा म्हणजे जागेचे चार-पाच कोपरे करून लहान गट फिरते ठेवावेत. बैठ्या कामात दर पंधरा-वीस मिनिटांनी उठण्याचे निमित्त काढावे.

जागेची पाहणी रोज, मुले येण्याआधी करावी. झोके, घसरगुंडी व चढण्याची साधने यांच्याखाली मऊ पृष्ठभाग हवा, खिळे व सैल झालेले जोड तपासावेत आणि उन्हात धातूची घसरगुंडी हात लावून पाहावी. गळ्याभोवतीच्या दोऱ्या, मफलर आणि कपड्यांच्या लोंबत्या नाड्या साधनांत अडकून फास बसू शकतो, त्यामुळे त्या खेळापूर्वी काढून ठेवाव्यात. जमीन स्वच्छ आणि सुरक्षित असेल तेथे अनवाणी खेळू द्यावे, कारण तळव्याला जमिनीची जाणीव झाली की तोल सांभाळणे सोपे जाते.

तिसरी पायरी : तोल, उड्या आणि चढणे

तोलाच्या सरावासाठी जमिनीवरची एक रेघ पुरते. इटलीच्या शिक्षणतज्ज्ञ मारिया माँटेसरी यांनी १९०७ मध्ये रोममध्ये लहान मुलांसाठी आपली पहिली शाळा सुरू केली, आणि त्यांच्या पद्धतीत रेघेवरून चालण्याला आजही महत्त्वाचे स्थान आहे. प्रथम दोन दोऱ्यांमधल्या रुंद पट्ट्यातून चालू द्यावे. मग पट्टा अरुंद करावा, मग एकच रेघ ठेवावी, त्यानंतर टाचेला चवडा लावत चालावे, पुढे हातात अर्धा भरलेला पेला द्यावा, आणि शेवटी जमिनीपासून वीतभर उंचीच्या फळीवर यावे. एका वेळी एकच गोष्ट बदलावी, हा येथील महत्त्वाचा नियम आहे. रेघ अरुंद केली त्याच दिवशी पेलाही दिला, तर मूल कशामुळे अडखळले ते ना त्याला कळते ना आपल्याला. नजर पावलांवर खिळत असेल, तर रेघेच्या टोकाला मुलाच्या डोळ्यांच्या उंचीवर एखादे चित्र लावावे.

उडीत उंचीपेक्षा जमिनीवर उतरणे आधी शिकवावे. मुलाच्या गुडघ्यापेक्षा कमी उंचीच्या पायरीवरून दोन्ही पाय एकदम टेकवत उडी मारू द्यावी. ‘गुडघे वाकव’ असे सांगण्यापेक्षा ‘आवाज न करता उतर’ असे सांगितले की गुडघे आपोआप वाकतात, असा अनुभव कोणत्याही शिक्षकाला पहिल्याच दिवशी येईल. त्यानंतर जमिनीवर ठेवलेली दोरी ओलांडणे, दोन दोऱ्यांतील अंतर वाढवत नेणे, आणि मग भिंतीचा किंवा हाताचा आधार घेऊन लंगडी, हा क्रम ठेवावा. लंगडी दोन्ही पायांवर करून घ्यावी, कारण मुले आवडता पाय सोडायला तयार नसतात.

अस्वलासारखे चार पायांवर चालणे, खेकड्यासारखे पोट वर करून सरकणे, बेडूकउड्या आणि टेबलाखालच्या बोगद्यातून रांगत जाणे हे प्रकार केवळ गमतीचे नाहीत. त्यांत हातांवर शरीराचा भार येतो आणि पुढे लेखनासाठी लागणारी खांद्याची व धडाची स्थिरता तयार होते. बालवाडीकडे फारशी साधने नसली तरी एवढ्यावर वर्षभराचे काम चालते, असे माझे मत आहे.

चढण्याबाबत एकच गोष्ट आग्रहाने सांगावीशी वाटते. मूल स्वतः चढू शकत नाही त्या उंचीवर त्याला उचलून ठेवू नये. स्वतःच्या बळावर वर गेलेल्या मुलाला वाट ठाऊक असते. उचलून ठेवलेल्याला ती ठाऊक नसते. मोठ्या माणसाने हाताच्या अंतरावर उभे राहावे आणि ‘पडशील हं’ अशी भीती घालण्याऐवजी ‘उजवा पाय खालच्या गजावर ठेव’ असे नेमके सांगावे. झोका आणि गरगर फिरणे यांतून कानाच्या आतल्या तोलाच्या इंद्रियाला चालना मिळते. पण वेग किती असावा आणि कधी थांबावे हे मुलाने ठरवावे. चेहरा फिका पडला किंवा मळमळू लागले की थांबावे.

चौथी पायरी : चेंडूशी ओळख

झेलणे हे या वयातील अवघड कौशल्यांपैकी एक आहे, कारण त्यात येणाऱ्या वस्तूचा वेग ओळखून हात वेळेवर तेथे न्यावे लागतात. सुरुवात बसून करावी. दोघांनी पाय फाकवून समोरासमोर बसावे व चेंडू घरंगळत सोडावा. त्यानंतर फुगा घ्यावा. तो सावकाश खाली येत असल्यामुळे विचार करायला अवधी मिळतो. फुटलेल्या फुग्याचे तुकडे मात्र ताबडतोब उचलावेत, कारण ते घशात अडकून गुदमरण्याचा धोका खरा आहे. काळजी वाटत असेल तर हवेने फुगवलेला मोठा हलका चेंडू वापरावा. पुढची पायरी म्हणजे मोठा मऊ चेंडू, एक-दीड मीटरवरून, खालून वर अशा हाताने, मुलाच्या छातीच्या दिशेने टाकणे.

मूल आरंभी हात ताठ पुढे धरते आणि चेंडू त्यांवरून निसटतो. मग ते छातीशी कवटाळून पकडते आणि शेवटी केवळ हातांनी पकडू लागते. चेंडू येताच मूल डोळे मिटत असेल किंवा तोंड फिरवत असेल, तर त्याला भित्रे म्हणू नये. ती स्वतःला वाचवण्याची स्वाभाविक प्रतिक्रिया आहे आणि चेंडू टणक आहे, वेगात आहे किंवा फार जवळून येतो आहे, एवढाच तिचा अर्थ घ्यावा. मागच्या भिंतीपेक्षा वेगळ्या, उठावदार रंगाचा चेंडूही पुष्कळ मदत करतो.

फेकण्यात अचूकतेची घाई अनेकदा नडते. लहान डब्यात चेंडू टाकायला सांगितले की मूल हालचाल आखडते आणि मनगटानेच ढकलू लागते. त्यापेक्षा मोठी भिंत दाखवून ‘जोरात लागू दे’ म्हणावे. जोर लावताना कंबर वळते, हात मागे जातो, पाय पुढे पडतो. विरुद्ध पाय पुढे यावा म्हणून जमिनीवर खडूने पाऊल काढून ठेवावे. नेम नंतर येतो. लाथेने चेंडू मारण्यातही आधी स्थिर चेंडू, मग दोन पावले धावत येऊन, आणि सर्वांत शेवटी घरंगळता चेंडू असा क्रम ठेवावा.

पाचवी पायरी : खांद्याकडून मनगटाकडे, मनगटाकडून बोटांकडे

येथे उभ्या पृष्ठभागाचा उपयोग फार होतो आणि तो फार कमी केला जातो. भिंतीवर मोठा कागद चिकटवून खडूने चित्रे काढणे किंवा फळ्यावर ओल्या कुंचल्याने पाण्याच्या रेघा ओढणे यात संपूर्ण हात खांद्यातून फिरतो आणि मनगट लेखनाला सोयीच्या स्थितीत, किंचित मागे वळलेले राहते. त्याच्या जोडीला आडव्या दांडीला लोंबकळणे, खोकी ढकलणे आणि हातांवर चालणे ठेवावे. हातांवर चालताना मागून पाय धरणाऱ्याने, मूल नवखे असेल तर घोट्यांऐवजी मांड्यांना आधार द्यावा. अन्यथा कंबर खाली झोल खाते.

मग बोटांची ताकद. माती किंवा मळलेले पीठ चेपणे, कागद फाडणे व चुरगळणे, ओला स्पंज पिळणे, कपड्यांचे चिमटे दोरीला लावणे, थेंबनळीने रंगीत पाणी एका वाटीतून दुसरीत नेणे आणि मणी ओवणे यांतून चिमटीची, म्हणजे अंगठा व बोटांच्या टोकांची, पकड तयार होते. मणी ओवताना आधी मोठे मणी आणि ताठ टोकाची दोरी द्यावी. अजून वस्तू तोंडात घालणारे मूल गटात असेल तर बारीक वस्तू टाळाव्यात. प्रत्येक कामात दोन्ही हातांच्या भूमिका वेगळ्या पडतात का, म्हणजे एक हात धरतो आणि दुसरा काम करतो का, याकडे लक्ष द्यावे. हाताने शरीराची मध्यरेषा, म्हणजे डाव्या-उजव्या बाजूंमधली कल्पित रेघ, ओलांडावी यासाठी साहित्य कधी डावीकडे, कधी उजवीकडे ठेवावे.

मनगटात आठ लहान हाडे असतात. जन्माच्या वेळी ती कूर्चेच्या, म्हणजे हाडापेक्षा मऊ व लवचीक भागाच्या, रूपात असतात, वर्षानुवर्षे एकेक करून त्यांचे हाडात रूपांतर सुरू होते, आणि त्यांतील शेवटच्याची सुरुवात शाळेत गेल्यावर काही वर्षांनी होते. यावरून लेखनाचा मुहूर्त ठरत नाही, पण पानेच्या पाने गिरवून घेणाऱ्याने हा हात अजून घडतो आहे हे ध्यानात ठेवावे.

बोटांच्या सरावासाठी माझ्या मते सर्वांत उत्तम साहित्य मुलाच्या अंगावरच असते : बटणे, चेन, मोजे, चपलांचे पट्टे. शिकवताना शेवटून सुरुवात करावी. चेनचे टोक मोठ्यांनी अडकवावे व अर्ध्यापर्यंत ओढावे, आणि शेवटचा भाग मुलाने ओढावा. ते जमले की पूर्ण चेन मुलाने ओढावी, आणि टोक अडकवणे सर्वांत शेवटी सोपवावे. काम पूर्ण केल्याचे समाधान दर वेळी मुलाच्या वाट्याला येत असल्यामुळे ते पुन्हा हात घालते. बटण काढणे आधी, लावणे नंतर, असा क्रम असतो. चार वर्षांची मुले काही बटणे काढू शकतात आणि पाचव्या वर्षी काही लावूही लागतात. सुटण्याच्या वेळी दहा मिनिटे राखून ठेवली नाहीत, तर हा सराव कधीच होत नाही आणि मोठी माणसे घाईने सर्वांना कपडे चढवत राहतात.

सहावी पायरी : खडू, पेन्सिल आणि कात्री

लहान मूल प्रथम मुठीत खडू धरते, नंतर बोटे खाली रोखून धरते, साधारण साडेतीन-चार वर्षांपासून बोटांच्या टोकांनी धरू लागते, पण हालचाल मनगट व कोपरातून करते. केवळ बोटे हलवून लिहिण्याची सफाई पुढच्या एक-दोन वर्षांत येते. बोटे वारंवार पकडून बसवण्याऐवजी दोन-तीन सेंटीमीटरचे खडूचे तुकडे द्यावेत, कारण एवढासा तुकडा मुठीत धरताच येत नाही. तीन बोटांची पकड आदर्श मानली जाते, परंतु चार बोटांची पकडही तितकीच उपयोगी असते आणि ती मोडून काढण्याचे कारण नाही. पाय जमिनीला टेकलेले आणि टेबल कोपराच्या उंचीला असेल, तर अर्ध्या तक्रारी तेथेच मिटतात. पाय लोंबकळत असतील तर खाली खोके ठेवावे.

आकार काढण्याचा क्रमही ठरावीक असतो. उभी रेघ आणि आडवी रेघ आधी, साधारण तिसऱ्या वर्षी वर्तुळ, चौथ्याच्या आसपास अधिकचे चिन्ह, मग चौकोन, आणि पाचव्याच्या सुमारास त्रिकोण. तिरप्या रेघा उशिरा जमतात. ज्या मुलाला अधिकचे चिन्ह पाहून काढता येत नाही, त्याच्यापुढे वळणदार जोडाक्षरे ठेवणे व्यर्थ आहे.

कोणता हात अधिक वापरायचा हे बहुतेक मुलांत चार ते सहा वर्षांदरम्यान पक्के होते. वस्तू मधोमध ठेवावी आणि निवड मुलावर सोडावी. डावखुऱ्या मुलाचा हात बदलू नये. त्याला डावखुऱ्यांची कात्री द्यावी आणि बाकाच्या डाव्या टोकाला बसवावे, म्हणजे शेजाऱ्याच्या कोपराशी टक्कर होत नाही.

कात्री बोथट टोकाची, पण चांगली कापणारी असावी. न कापणारी कात्री मुलाला केवळ निराश करते. आधी जाडसर कागदाच्या अरुंद पट्ट्यांचे एका कापात तुकडे, मग जाड सरळ रेघ, मग वळण, आणि शेवटी कोपरे. अंगठा वर ठेवण्याची आठवण म्हणून अंगठ्याच्या नखावर हसरा चेहरा काढावा आणि ‘तो तुझ्याकडे पाहतो आहे ना?’ असे विचारावे.

सातवी पायरी : एका सत्राची मांडणी

अर्ध्या तासाचे सत्र पुरेसे असते. पाच मिनिटे संगीतावर हालचाल व संगीत थांबताच स्तब्ध होणे, मग पंधरा मिनिटे तोल, उडी, चेंडू आणि हातांवर भार अशा चार कोपऱ्यांत फिरणे, पाच मिनिटे एकत्र खेळ आणि पाच मिनिटे शांत ताणाचे प्रकार. कोपरे रोज बदलू नयेत. तेच कोपरे एक-दोन आठवडे ठेवून केवळ काठिण्य थोडे वाढवावे, कारण या वयात पुनरावृत्तीचा कंटाळा मोठ्यांना येतो, मुलांना येत नाही. जो चुकेल तो बाद, अशा खेळांत ज्याला सरावाची सर्वाधिक गरज आहे तोच सर्वांत आधी बाजूला बसतो. म्हणून बाद होणाऱ्याला दुसरे काम देऊन खेळात परत आणावे. सूचना एका वेळी एकच द्यावी.

मागे राहणारी मुले आणि तज्ज्ञांचा सल्ला

घाबरणाऱ्या मुलाला ढकलू नये. त्याला दुसऱ्यांचे पाहू द्यावे आणि त्याच उपक्रमाची सोपी आवृत्ती शेजारीच ठेवावी. चाकाच्या खुर्चीवरील किंवा कमकुवत दृष्टीच्या मुलासाठी नियम बदलावेत : घुंगरू बसवलेला चेंडू, रुंद पट्टा, बसून फेकणे. अशा मुलाला गुण मोजायला बसवणे म्हणजे त्याला वगळणेच होय.

काही लक्षणे दिसल्यास मात्र वाट पाहू नये. आधी येत असलेली हालचाल नाहीशी होणे. शरीराची एकच बाजू वापरणे. जमिनीवरून उठताना मांड्यांवर हात टेकत टेकत वर येणे. सतत चवड्यांवर चालणे. पडण्याचे प्रमाण वाढत जाणे. लंगडणे, सांधेदुखी किंवा सकाळी अंग आखडणे. चौथे वर्ष उलटूनही जागच्या जागी उडी न येणे. यांपैकी काहीही असल्यास बालरोगतज्ज्ञांना भेटावे आणि दृष्टीही तपासून घ्यावी. वरील लक्षणे नसूनही काही मुले सातत्याने अडखळत राहतात. शालेय वयातील सुमारे ५ ते ६ टक्के मुलांत हालचालींच्या समन्वयाचा विकार आढळतो. त्याचे निदान साधारणपणे पाचव्या वर्षापूर्वी केले जात नाही, परंतु वर सांगितलेला सराव निदानाची वाट न पाहता सुरू ठेवता येतो.

तपासणीला जाताना पालकांनी शिक्षकांच्या तारीखवार नोंदी सोबत न्याव्यात आणि मूल चालताना, जमिनीवरून उठताना व जिना चढताना घरीच काढलेले छोटे व्हिडिओ दाखवावेत, कारण अनोळखी खोलीत मूल अनेकदा काहीच करून दाखवत नाही. मूल चालायला कधी लागले, जन्म मुदतीआधी झाला होता का, आणि अडचण नेमकी कोणत्या कामात येते, एवढे कागदावर लिहून न्यावे.